उद्याची चिंता कोणी करायची?

आगगाडीत भेटलेल्या अनोळखी माणसाने दिलेले पुस्तक आपण सहसा घरी गेल्यावर फडताळात टाकून देतो. १८९३ साली नाशिकहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना असाच एक गोरा सहप्रवासी भेटला. कवितेवर गप्पा झाल्या. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही सांगून टाकले. दिलेल्या शब्दाखातर टिळकांनी वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. पुढच्या चोवीस वर्षांची मात्र फारशी कोणाला नसते, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. डोंगरावरील प्रवचन वाचायला सुंदर, पण घरात आणायला फार अवघड. खून करू नये, एवढ्यावर ते थांबत नाही. भावावर रागावलात तरी जाब द्यावा लागेल, असे बजावते. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि कोणाचे मन आपल्यामुळे दुखावले आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे लागते. शिवाय उद्याची चिंता करायची नाही!

टिळक कोकणस्थ घरातले. तिथे पावित्र्य म्हणजे सोवळे: पाणी, वस्त्र, चूल, कोणाचा स्पर्श झाला आणि कोणाचा नाही. त्या सोवळ्याला निदान नियम असतात. ते पाळले की माणूस सुटला. मनाच्या सोवळ्यातून अशी सुटका नाही. त्यातून टिळकांचा स्वभाव विलक्षण तापट. राग आला की घर सोडून चालू लागायचे.

हे सारे आपल्याला कळते ते त्यांच्या पत्नीमुळे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. संतांची चरित्रे बहुधा शिष्य लिहितात, आणि शिष्यांना स्वयंपाकघरातले काही ठाऊक नसते. इथे लिहिणारी बायको आहे.

आणि तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. नवऱ्याने धर्म बदलला आणि शिक्षा तिच्या वाट्याला आली. सुमारे पाच वर्षे ती नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिली. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. सधवा असून नसल्यासारखी. पदरात लहानगा दत्तू. वेदीपाशी गेल्यावर ज्याचे दुखावलेले मन आठवावे, ते माणूस टिळकांसाठी आणखी कोण होते?

पुढे ती त्यांच्याकडे राहायला आली, ती आपले सोवळे घेऊनच. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ज्या शिवाशिवीवर टिळकांनी पाणी सोडले होते, तीच आता त्यांच्या घरात नांदू लागली. त्यांनी ती नांदू दिली. तिच्यावर जबरदस्ती केली नाही. क्षणात भडकणाऱ्या माणसाने इथे धीर धरला. मला विचाराल तर टिळकांच्या ख्रिस्ती जीवनातली सर्वांत पवित्र गोष्ट हीच. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनीच केला आहे, हे लक्ष्मीबाईंना आपल्याच विचाराने उमगले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

राहिली उद्याची चिंता. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. नगरच्या त्या घरात परकी मुले वाढली, विद्यार्थी राहिले, बालकवी ठोंबरेही लेकरासारखे राहून गेले. उदार माणसाच्या घरी पीठ-मिठाचा हिशेब दुसऱ्या कोणाला तरी ठेवावा लागतो. आमची आई ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसत असे आणि मधेच गप्प होई. ती का गप्प होई, हे मला संसाराला लागल्यावर कळले. नवऱ्याने उद्याची चिंता देवावर सोपवली की ती आधी बायकोकडे येते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आता राहणीही साधूसारखी झाली. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. त्यातले मोजकेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते.

ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाईने कितीतरी अधिक अध्याय रचले. मग स्वतःच्या आठवणी लिहिताना तिने टिळकांचा एकही राग लपवला नाही, आणि एकही दान विसरली नाही. चारही भागांत तिने त्यांना संत म्हटलेले नाही. ती त्यांना नुसते ‘टिळक’ म्हणते.