सोलरचा हिशोब बिलावरून मांडा

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना' जाहीर झाली आणि घरोघरी छतावरच्या सोलरची चर्चा सुरू झाली. १ कोटी घरं आणि ७५ हजार कोटींहून थोडी जास्त तरतूद, असा हा मोठा कार्यक्रम आहे. पण गावात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत या योजनेबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंच अर्धवट असतं. काही लोक नसत्या अपेक्षेनं पैसे घालतात, आणि ज्यांना खरंच फायदा झाला असता ते भीतीनं मागे राहतात. दोन्हींत नुकसान सामान्य घराचंच होतं.

'सरकार ३०० युनिट फुकट देतं'

योजनेच्या नावातल्या 'मोफत' या शब्दानं हा घोळ केला आहे. सरकार एकही युनिट फुकट देत नाही. ३ किलोवॅटचे पॅनल महिन्याला सरासरी ३०० युनिटच्या आसपास वीज तयार करतात. ती वीज तुमची, पॅनलही तुमचे, आणि त्यांचे पैसेही आधी तुम्हीच द्यायचे. सरकार देतं ते अनुदान, आणि तेही पॅनल बसून, नेट मीटर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारा मीटर) लागून, यंत्रणा सुरू झाल्यावर थेट बँक खात्यात. तोवरची रक्कम खिशातून किंवा कर्जातून उभी करावी लागते.

अनुदान पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं एकूण ७८ हजार रुपये. त्यापुढे ५ किलोवॅट बसवा की १०, रक्कम ७८ हजारच राहते. हे आकडे ठरले ते सरकारनं धरलेल्या किमतीवरून : पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ५० हजार धरून त्याच्या ६० टक्के, तिसऱ्यासाठी ४५ हजार धरून ४० टक्के. बाजारात याहून महाग कोटेशन मिळालं तरी अनुदान वाढत नाही. म्हणून 'अनुदानात सगळं भागतं' असं सांगणाऱ्या एजंटाकडून आधी लेखी कोटेशन घ्या. पॅनल भारतात बनलेल्या सेलचे आहेत का हेही त्यात लिहून घ्या, कारण तसे नसतील तर अनुदानच मिळत नाही. विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असायला हवा. फोनवर 'अनुदान मंजूर करून देतो, आधी नोंदणी फी भरा' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

'जितके जास्त पॅनल, तितका जास्त फायदा'

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण घराचे पैसे वाचतात किंवा वाया जातात ते याच ठिकाणी.

महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्यानं वाढतं : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा वीज आकार युनिटला ४ रुपये ७१ पैसे होता आणि दुसऱ्याचा १० रुपये २९ पैसे, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यावर वहन आकार १ रुपया १७ पैसे, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर दर बदलले आहेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे चालू आकडे घाला. हिशोबाची रीत तीच राहते.

समजा घरात महिन्याला ३०० युनिट लागतात आणि १ किलोवॅट पॅनल महिन्याला १०० युनिट देतो. (आपल्याकडे तो सरासरी १०० ते १२० देतो, मी कमी धरतो.) सोलरनं युनिट कमी होतात ते वरून, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यापासून. पहिला किलोवॅट २०१ ते ३०० ही युनिटं उडवतो. प्रत्येकाची किंमत वीज आकार, वहन आकार आणि शुल्क मिळून सुमारे १३ रुपये २९ पैसे. म्हणजे महिन्याला सुमारे १,३३० रुपये वाचले. दुसऱ्या किलोवॅटचंही तेवढंच. तिसरा मात्र पहिल्या १०० स्वस्त युनिटांवर येतो. तिथे युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडतं आणि महिन्याला ६८० रुपयेच वाचतात. वाचणारी रक्कम निम्मी, आणि अनुदानही ३० हजारांऐवजी १८ हजार.

तिन्ही मिळून वर्षाला सुमारे ४० हजार वाचतात. कोटेशन १ लाख ९० हजारांचं धरलं, तर अनुदान वजा जाता १ लाख १२ हजार उरतात आणि ते तीन वर्षांच्या आत निघतात. व्यवहार उत्तमच आहे. पण त्याच घरात 'होऊन जाऊ दे' म्हणून ५ किलोवॅट बसवले, तर शेवटच्या २ किलोवॅटना ना अनुदान, ना वाचवायला महाग युनिट. ती जादा वीज ग्रिडमध्ये जाते आणि नेट मीटरवर जमा होते. जमा युनिटं पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चला, खातं मिटतं. उरलेल्या युनिटांना महावितरण जो दर देते तो तुम्ही भरता त्याहून पुष्कळ कमी असतो. आणि कूलर-एसीचा खरा भार सुरू होतो एप्रिलमध्ये, जेव्हा हिवाळ्यात साठवलेली युनिटं खात्यात राहिलेली नसतात.

त्यामुळे विक्रेत्याला फोन करण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. सरासरी १५० युनिटपर्यंत असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० असेल तर २ ते ३, ही योजनेनंच सुचवलेली मापं बहुतेक घरांना बरोबर बसतात. वर्षभरात इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा बेत पक्का असेल, तरच त्यात भर घाला.

'बिल शून्य येतं'

शून्य येत नाही. ग्रिडशी जोडणी आहे तोवर स्थिर आकार दरमहा भरावाच लागतो, आणि त्यावरचं वीज शुल्कही. विक्रेत्यानं दाखवलेल्या तक्त्यात ही ओळ आहे का ते तपासा.

'सोलर आहे, म्हणजे लाइट गेली तरी काळजी नाही'

साध्या ऑनग्रिड यंत्रणेत ग्रिडची वीज गेली की इन्व्हर्टर बंद पडतो, मग डोक्यावर कितीही ऊन असो. तसा तो मुद्दामच बनवलेला असतो : लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून. लोकांना हे पॅनल बसल्यावर कळतं आणि फसवल्यासारखं वाटतं. विक्रेत्यांनी ते आधी सांगायला हवं. भारनियमनात वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो, आणि बॅटरीला वेगळं अनुदान नाही. दिवसातून अर्धा तास वीज जाणाऱ्या घरानं त्यासाठी एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. घरात ऑक्सिजन मशीनवर असलेला रुग्ण असेल, तर गोष्ट वेगळी.

'विदर्भात ऊन जास्त, म्हणून वीजही जास्त. कोकणात पावसानं सगळं बुडतं'

पॅनल चालतो उजेडावर, उष्णतेवर नाही. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि पुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३५ टक्क्यानं घटतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात पॅनल ६५ अंशांवर गेला, तर १४ टक्के वीज तिथेच गळते. पॅनलखाली हवा खेळती राहील एवढी उंची स्ट्रक्चरला हवी, ती त्यासाठी. ढगाळ दिवशी उत्पादन खूप खाली येतं, पण थांबत नाही. वर्षभराचा हिशोब मांडताना पावसाळा त्यात धरलेलाच असतो.

खरा शत्रू सावली आहे. पाण्याची टाकी, शेजारचा नारळ, कठड्याचा कोपरा : दुपारी एका पॅनलच्या काठावर पडलेली सावलीसुद्धा साध्या जोडणीत ओळीतल्या सगळ्या पॅनलांना मागे खेचते. बसवण्याआधी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन खडूनं सावलीची रेघ मारा. डिसेंबरात सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात, तेवढी जागा आणखी सोडा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात.

'एवढी रोख कुठून आणणार?'

३ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी सरकारी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, व्याज रेपो दराहून अर्धा टक्का जास्त. ७ टक्के धरले, तर अनुदान वजा जाता उरलेल्या १ लाख १२ हजारांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे १,३०० रुपये येतो. वरच्या ३०० युनिटवाल्या घरात महिन्याला ३,३०० वाचत होते, म्हणजे हप्ता बचतीतूनच निघतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना, एवढं बघा.

'फ्लॅटवाल्यांना यात काही नाही'

लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यांसाठी गृहनिर्माण संस्थेला किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान मिळतं, कमाल ५०० किलोवॅटपर्यंत, घरटी ३ किलोवॅटच्या हिशोबानं. सर्वसाधारण सभेत ठराव हवा. बचत दिसते ती मासिक देखभाल खर्चात, आणि ती प्रत्येक सभासदाच्या वाट्याला येते.

'हे बंगलेवाल्यांचं काम, आपलं नाही'

वरच्या हिशोबात एक अन्याय दडलेला आहे : महिन्याला १०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराची बचत ६८० रुपयांपुढे जात नाही, आणि सुरुवातीचे पैसे त्याच घराला सर्वांत जड जातात. राज्य सरकारची 'स्मार्ट' योजना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १ किलोवॅटसाठी केंद्राचे ३० हजार आणि वर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. यंत्रणेची किंमत ५० हजार धरली, तर घरानं द्यायचे उरतात २,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखाली नसलेल्या, पण १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या आर्थिक दुर्बल घरांना राज्याकडून १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना १५ हजार. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. ती काही बंगल्यांची वसाहत नाही, डोंगरातली वाडी आहे.

अशा घरांत आणखी एक समज अर्ज करण्याआधीच माणसाला थांबवतो : स्लॅब नसेल तर सोलर बसत नाही. पत्र्याच्या छतावरही पॅनल बसतात. फक्त पत्र्याखालचे लोखंडी किंवा लाकडी वासे वजन आणि वारा पेलतील का, हे बसवणाऱ्यानं वर चढून तपासायला हवं, आणि भोकं पाडली तिथे पाणी गळणार नाही याची लेखी हमी द्यायला हवी. योजनेत विक्रेत्याला पाच वर्षं देखभाल बंधनकारक आहे. गळती झाली तर त्याच करारावर बोट ठेवून त्याला परत बोलावता येतं.