रस्त्याकडेचं जिवंत पाणी

कोकणात उतरणाऱ्या घाटांत एखादं वळण असं असतंच, जिथं गाड्या आपोआप थांबतात. दगडाच्या फटीतून पाण्याची धार पडत असते, कुणीतरी तिला पोफळीची पन्हळ लावलेली असते. कुणी चूळ भरतं, कुणी बाटली भरून घेतं आणि ‘अहाहा, फ्रीजपेक्षा गार!’ म्हणत पुढं निघतं. प्रवाशाची ती दोन मिनिटांची मौज. पण त्याच धारेखाली हंडा लावून उभ्या राहिलेल्या वाडीतल्या बायकांचा मात्र तिथं अख्ख्या दिवसाचा हिशेब मांडलेला असतो.

माझ्या माहेरच्या वाडीला असाच एक झरा आहे. दारात नळ आला, पण एप्रिल उजाडला की तो नुसताच फुसफुसतो. मग पुन्हा चुंबळ, पुन्हा हंड्यावर कळशी. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे डोक्यावर पंधरा किलो, वर हंड्याचं वजन वेगळंच. अशा चार खेपा झाल्या की घरातली भांडी भरतात, आणि मान दुखते म्हणून सांगायचं कुणाला?

हे पाणी नेमकं रस्त्याकडेलाच कसं येतं, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक रचलेले थर. कुठला थर सच्छिद्र, तर कुठला घट्ट. कोकणातल्या सड्यांवर त्याच्या माथी जांभा. पाऊस जांभ्यात आणि भेगांत मुरतो, खाली घट्ट थर लागला की त्याला पुढं वाट मिळत नाही. मग तो आडवा सरकत सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतो. घाटरस्ता करताना डोंगर कापला जातो आणि नेमका तो थर उघडा पडतो. म्हणून झरा रस्त्याला भेटतो! दोन घट्ट थरांमध्ये पाणी दाबाखाली कोंडलेलं असेल, तर ते आपोआप वरही उसळतं. त्याला आर्टेशियन म्हणतात. फ्रान्समधल्या आर्तुआ प्रांतावरून हे नाव पडलं. आपल्या घाटातले बहुतेक झरे मात्र उतारानं वाहणारे, साधेसुधे.

मैत्रिणींनो, हिशेब आपल्याला नवा नाही. भाजीवालीशी करतो, तसा एकदा झऱ्याशीही करून बघा. हातात घड्याळ घ्या आणि हंडा भरायला किती वेळ लागतो ते मोजा. दिवाळीत एक मिनिटात पंधरा लिटर भरत असतील, तर दिवसाचे झाले २१,६०० लिटर. मे महिन्यात त्याच हंड्याला पाच मिनिटं लागली, तर ४,३२० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तरी एवढ्यात ७८ माणसांची सोय होते. मग टंचाई कसली? तर रात्रीची! रात्री आठ तासांत जवळजवळ दीड हजार लिटर पाणी गटारात जातं आणि पहाटे बायका रांगेत उभ्या. धारेखाली झाकण असलेली, तोटी बसवलेली छोटी टाकी बांधली, तर पहाटेची झोप तरी वाचेल.

आता थोडं कडू बोलते. ‘वाहतं पाणी, त्याला काय होतंय?’ हे वाक्य मी आजीपासून ऐकत आलेय. पण जांभ्याच्या भोकांतून पाणी जसं झरझर उतरतं, तशीच वरच्या गोठ्याची आणि शौचखड्ड्याची घाणही उतरू शकते. पावसाळ्यात तर जास्तच. कावीळ, टायफॉइड, जुलाब यांना पाणी गार आहे की गोड, याच्याशी देणंघेणं नसतं. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्यावं, किंवा आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे क्लोरीनचे थेंब घालावेत. तपासणीची बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर समजायचं, पाणी दूषित आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये अशी तपासणी करायला प्रत्येक गावात पाच बायकांना शिकवायचं ठरलं. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे ग्रामसभेत जरूर विचारा.

आणि खरी चिंता वेगळीच आहे. आमच्या झऱ्याच्या वर, सड्यावर, गेल्या काही वर्षांत जेसीबी फिरले, झाडं गेली, बोअर पडल्या. धार बारीक झाली. ‘पाणी कुणाच्या बापाचं नाय गो ताई, पण वाटणी बगा ना,’ असं एक वहिनी म्हणाली, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. झरा खाली असतो, पण त्याचं माहेर वर सड्यावर असतं. ते माहेर उजाड झालं, तर लेक हिरमुसणारच.

सिक्कीममध्ये हे ओळखून २००८ पासून ‘धारा विकास’ नावाचं काम सुरू झालं. आधी झऱ्याचं पाणी नेमकं कुठून येतं ते शोधलं, मग त्या उतारावर रोजगार हमीतून चर खणले आणि पाऊस मुरवला. आटत चाललेल्या काही झऱ्यांना त्यामुळे पुन्हा ओल आली. रोजगार हमी तर आपल्या महाराष्ट्राचीच कल्पना! मग आपल्या झऱ्यांसाठी चर खणायला काय हरकत आहे?

सुरुवात छोटीच करूया. ग्रामपंचायतीच्या दप्तरात झऱ्याची नोंद आहे का, ते बघा. महिन्यातून एकदा धार मोजून वहीत लिहा; बचतगटाच्या वहीचं शेवटचं पान त्याला पुरे. धारेखाली कपडे, गाड्या धुवू देऊ नका. वर सड्यावर काही खणायचं निघालं, की ही वही घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा. ‘पाणी कमी झालंय’ म्हटलं की ऐकणारे हसतात. ‘पाच मिनिटांचा हंडा आता नऊ मिनिटांवर गेलाय’ म्हटलं की गप्प बसतात.

आणि तुम्ही गाडीतून जाणाऱ्या असाल, तर एवढंच करा. तिथं आधीच कुणी हंडा लावलेला असेल, तर तो आधी भरू द्या.