जुना जीपीएस संच बदलावा का?

मालगुंड परिसरात हापूसच्या बागा कातळावर, तर नारळ-पोफळीच्या वाड्या खालच्या सखल भागात आढळतात. ज्या बागायतदारांकडे हातात धरावयाचा जुना जीपीएस संच आहे, त्यांनी नव्यावर खर्च करण्यापूर्वी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

अचूकता : मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक ठेवीत असे. त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुकत असे. ही चूक काढल्यावर त्यापूर्वीचे संचही आपोआप सुधारले. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या स्थितीतील जुना संच साधारणपणे १० मीटरच्या आत स्थान दाखवितो. नवे संच इतर देशांच्या उपग्रहांचेही संदेश घेत असल्याने झाडाखाली अधिक भरवशाचे ठरतात. तरी काही मीटरची चूक राहतेच.

चाचणी : बागेतील एका पक्क्या खुणेवर सकाळी, दुपारी व दुसऱ्या दिवशी उभे राहून आकडे लिहून घ्यावेत. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळातील एकचा फरक म्हणजे सुमारे १.८ मीटर. हीच चाचणी दाट झाडाखाली करावी. एप्रिल २०१९ नंतर काही जुन्या संचांत तारीख सुमारे वीस वर्षे मागे दिसते. स्थान बरोबर असल्यास तेवढ्यासाठी संच टाकू नये.

काम पाहून निर्णय : कातळावरील विहीर, पायवाट किंवा दूरची बाग शोधण्यास जुना संच पुरेसा आहे. पोफळीच्या वाडीत स्थानच मिळत नसेल, तर नवा घेण्याचा विचार करावा. मात्र तत्पूर्वी आपल्या मोबाइलवर हीच चाचणी करून पाहावी.

१० x १० मीटरवर लावलेल्या कलमांत ५ मीटरची चूक म्हणजे दोन झाडांचा मध्य. म्हणून झाडांना रंगाने क्रमांक द्यावेत.

क्षेत्र व हद्द : एक एकराच्या चौरस तुकड्याची हद्द चारही बाजूंनी ३ मीटर बाहेर सरकली, तर क्षेत्र जवळजवळ ८ गुंठे वाढते. त्यामुळे शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असल्यास जुन्या वा नव्या संचावर विसंबून गडगा हलवू नये. भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी.

निगा : खाऱ्या दमट हवेत सेलची टोके गंजतात. पावसाळ्यात वापर नसल्यास सेल काढून संच कोरड्या डब्यात ठेवावा.