जुन्या सिनेमातल्या बायका आणि त्यांच्या कष्टाचा हिशेब

आज जुन्या सिनेमांबद्दल बोलूया. बचत गटाच्या कार्यक्रमात सिनेमा कुठून आला, असं वाटेल. पण थोडं ऐका, मग बघा संबंध लागतो का.

कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या गटांसोबत काम करताना आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो. कर्ज, व्याज, अनुदान यावर गप्प बसणाऱ्या आजी जुन्या सिनेमाचा विषय निघाला की बोलत्या होतात. सुलोचनाबाई, जयश्री गडकर, उषा चव्हाण, दादा कोंडके ही नावं त्या घरच्या माणसांसारखी घेतात. निळू फुले यांना तर अजून शिव्या घालतात. त्यांनी पाटील, सावकार इतके खरे उभे केले, की ते सिनेमातले होते हे मन मानतच नाही. भात लावताना चिखलात उभं राहून सिनेमातली लावणी म्हणणाऱ्या बायकाही आम्हाला माहीत आहेत. हात एका लावणीत, तोंड दुसऱ्या लावणीत!

एवढी माया कशी लागली? एक कारण असं, की तेव्हा सिनेमा पाहणं म्हणजे घराबाहेर पडणं होतं. जत्रेत तंबू लागायचा, जमिनीवर बसून सगळ्या मिळून पाहायच्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे गावात एखाद्या घरी टीव्ही आला, की शनिवारच्या मराठी सिनेमाला त्यांची ओटी आणि अंगण भरून जायचं. १९९१ साली 'माहेरची साडी' आला, तेव्हा अलका कुबल यांच्यासोबत थिएटरातल्या बायका धाय मोकलून रडल्या. घरात रडलं तर कारण सांगावं लागतं. थिएटरच्या अंधारात कुणी विचारत नाही. म्हणून आजींना नुसता सिनेमा आठवत नाही. सोबत कोण होतं, कुठली साडी नेसली होती, घरी कुणाची परवानगी काढली होती, हे सगळं त्याबरोबर आठवतं.

या आठवणींना आम्हाला आज आणखी एक गोष्ट जोडायची आहे. ती म्हणजे या सिनेमांत काम केलेल्या बायकांचे कष्ट आणि त्यांचा पैसा.

सुरुवात अगदी पहिल्यापासून करू. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत, गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांसमोर आला. फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण भांडवल कुठून आलं? त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने त्यात गेले. फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, फिल्म धुऊन तयार करायची, ही कामं सरस्वतीबाई शिकल्या. वर घरातच राहणाऱ्या कलाकार-कामगारांचा स्वयंपाकही त्यांच्याकडे होता. भांडवल दिलं, कारागिरी केली, खानावळ चालवली. आजच्या आपल्या भाषेत त्या त्या धंद्याच्या भागीदार होत्या. पण किती जणींनी त्यांचं नाव ऐकलंय?

त्या सिनेमात तारामतीचं काम मात्र पुरुषाने केलं. अण्णा साळुंके त्यांचं नाव, ते हॉटेलात कामाला होते. चांगल्या घरच्या बाईने तोंडाला रंग लावायचा नाही, असा तो काळ. याच साळुंके यांनी पुढे १९१७ साली 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. पण १९१३ सालीच फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. दुर्गाबाई मुलीला एकटीने वाढवत होत्या. लोक काय म्हणतील यापेक्षा घर कसं चालेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे मोठा होता. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून नावारूपाला आल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले हे नातू.

मग १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला, पहिला मराठी बोलपट. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे. मोठ्या घरच्या, शिकलेल्या, दोन मुलांच्या आई. घरची परिस्थिती बिघडली म्हणून त्या या कामाकडे वळल्या, पण काम असं केलं की नंतर अनेक घरांतल्या मुलींना वाट मोकळी झाली. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. उतारवयात त्या आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला राहत होत्या.

शांता आपटे यांचं नाव तर गटातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवं. १९३७ सालच्या 'कुंकू'मध्ये फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली मुलगी त्यांनी उभी केली. ती मुलगी रडत बसत नाही, हे लग्न मला मान्य नाही असं ठामपणे सांगते. शांताबाई पडद्याबाहेरही तशाच होत्या. १९३९ साली कंपनीशी कराराचा वाद झाला, तेव्हा त्या पुण्यात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. एवढी नावाजलेली नटी आपल्या हक्कासाठी दारात बसते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी सिनेमातल्या कामाविषयी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तकही लिहिलं.

आणि हंसा वाडकर. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षं. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण ही बाई लहान वयातच घरच्यांच्या पोटासाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. पुढे त्यांनी आपली जीवनकहाणी सांगितली, तिचंही नाव 'सांगत्ये ऐका'च ठेवलं. संसार, अपमान, दारू, काहीच लपवलं नाही. तिच्यावरून १९७७ साली 'भूमिका' हा हिंदी सिनेमा निघाला. त्यात स्मिता पाटील होत्या.

मैत्रिणींनो, संबंध लागतोय ना आता? दागिने बाईचे आणि नाव दुसऱ्याचं. कमाई बाईची आणि हात दुसऱ्याचा. हे सिनेमातच घडलं असं नाही. आपल्या गटांतही कर्ज ताईच्या नावावर असतं, हप्त्याची जबाबदारी तिची असते, आणि पैसे कुठे गेले विचारलं तर ती म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." पापड ती लाटते, बाजारात बिल मात्र मुलाच्या नावाने फाटतं. सरस्वतीबाईंच्या काळी दागिने देण्यावाचून मार्ग नव्हता. आज गटाचं अंतर्गत कर्ज आहे, बँक आहे, आपल्या नावाचं पासबुक आहे. ते कपाटात कुणाच्या ताब्यात आहे, एवढं एकदा बघा.

सिनेमा काही आपल्यापासून लांबही नाही. आपल्या चौकजवळ कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'चं शूटिंग तिथे झालं. पडद्यावर दगडाचा वाटणारा राजवाडा लाकूड, प्लास्टर आणि रंगाचा असतो. त्यामागे सुतार, रंगारी, शिंपी, जेवण रांधणारे असे कितीतरी हात असतात. पोस्टरवर त्यांची नावं येत नाहीत.

नोंद ठेवली नाही तर काय होतं, हेही सिनेमाच शिकवतो. आपल्या देशात हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले आज मोजकेच उरलेत. जुनी फिल्म फार लवकर पेट घ्यायची, दमट हवेत खराब व्हायची. शिवाय तिच्यात थोडी चांदी असायची, ती काढण्यासाठी लोकांनी फिल्म विकून टाकली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, तोवर पुष्कळ काही गेलं होतं. 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आज पूर्ण पाहायला मिळत नाही, काही भागच शिल्लक आहे.

आपल्या आजींच्या आठवणींचंही तसंच आहे. म्हणून एक काम सांगतो. पुढच्या बैठकीत वसुली झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की गटातल्या सर्वांत वयस्कर ताईंना तीन प्रश्न विचारा. पहिला सिनेमा कुठला पाहिला? तिकिटाचे पैसे कुणी दिले? आणि तेव्हा तुम्ही करत होतात त्या कामाची मजुरी कुणाच्या हातात पडायची? उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करा किंवा वहीत लिहा, आणि वर त्यांचं पूर्ण नाव लिहा. अमक्याची आई, तमक्याची बायको असं नको.

पहिल्या प्रश्नाला त्या हसतील. तिसऱ्याला कदाचित थोडा वेळ गप्प राहतील. घाई करू नका, त्यांना बोलू द्या.