भिंतीची छिद्रे बुजवू नका!

२६ जुलै २००५ म्हटले की मुंबईकरांना महापूर आठवतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुर्ल्यात मिठीचे पाणी घरांत शिरले. त्याच दिवशी कुर्ला परिसरातील साकीनाक्याला झोपड्यांवर दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे दगावली. पाच वर्षांपूर्वी, जुलै २००० मध्ये, घाटकोपरच्या आझाद नगरातही दरडीने अनेकांचे बळी घेतले होते. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारत नगरात डोंगराकडची भिंत घरांवर कोसळून १९ जण मृत्युमुखी पडले.

डोंगर अचानक कोसळल्यासारखा वाटतो, पण त्याची तयारी आधीपासून चाललेली असते. मुंबईच्या टेकड्या काळ्या पाषाणाच्या. वरचा खडक झिजून त्याचा मुरूम आणि माती होते. कोरड्या उतारावर मातीचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. सलग पावसात कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो आणि पकड सुटते. त्यात मातीचे वजनही वाढते. घरासाठी पायथा खोदलेला असेल, तर उताराचा खालचा आधारही गेलेला असतो.

अशा ठिकाणी संरक्षक भिंत बांधतात. तिला जागोजागी ठेवलेली छिद्रे मागचे पाणी बाहेर पडण्यासाठी असतात. गल्लीत गढूळ पाणी येते म्हणून ती बुजवली, किंवा कचऱ्याने तुंबली, की पाणी मागे साठते. मग भिंतीला मातीबरोबर पाण्याचाही रेटा सोसावा लागतो. घरांचे सांडपाणी उतारावर सोडले, तर पाऊस नसतानाही माती ओलीच राहते.

धोक्याच्या खुणा ओळखता येतात. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडणे, भिंतीला फुगवटा येणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, दार एकाएकी अडकू लागणे, उतारातून अचानक गढूळ पाणी येणे. यांपैकी काहीही दिसले, तर सामान आवरत बसू नका. सगळ्यांना घेऊन उताराच्या वाटेतून बाजूला व्हा आणि पालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवा. पाऊस थांबला म्हणून लगेच परतू नका. मुरलेले पाणी निचरायला वेळ लागतो.

छिद्रे मोकळी करण्याचे काम मात्र पावसाळ्याआधीच उरकायला हवे.