घरचा संगणक : दीर्घकाळ टिकेल असा

शिष्यवृत्तीच्या नोंदणीपासून जातीच्या दाखल्याच्या अर्जापर्यंत अनेक कामे आज संगणकावरच करावी लागतात. मर्यादित मिळकतीच्या कुटुंबात मात्र ही खरेदी अनेक वर्षांतून एकदाच होते. म्हणून ‘सर्वांत वेगवान संगणक कोणता’ या प्रश्नाआधी ‘वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरता येईल असा कोणता’ हा प्रश्न पालकांनी विचारला पाहिजे.

या दृष्टीने घरासाठी डेस्कटॉप श्रेयस्कर होय. त्याचा मॉनिटर, कळफलक, रॅम, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस हे सर्व भाग सुटे असतात. एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मॉनिटर तर पुढच्या संगणकालाही चालतो.

संगणकाचे आयुष्य केवळ यंत्रावर ठरत नाही, त्यावरील सॉफ्टवेअरवरही ठरते. विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविले. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा असावा लागतो, तसेच टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधाही लागते. कार्यालयांतून निघालेले जुने संगणक बाजारात स्वस्त मिळतात, त्यांत नेमकी येथेच फसगत होते. ‘आय-५ ७५००’ हा सातव्या पिढीचा, तर ‘आय-३ ८१००’ हा आठव्या पिढीचा प्रोसेसर. दोघांनाही चारच कोअर आहेत. परंतु विंडोज ११ च्या मान्य यादीत दुसरा बसतो, पहिला बसत नाही. तेव्हा ‘आय-५’ या ठळक अक्षरांना न भुलता पुढचा आकडा वाचावा. लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली जुन्या यंत्रांवरही चालते आणि तीत मराठी टंकलेखनही होते. मात्र मुलांच्या अभ्यासक्रमाला विंडोजच लागते काय, याची चौकशी आधी करावी.

नवा संगणक जुळवून घेताना आणखी एक खूण लक्षात ठेवावी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल, तर त्यात चित्र दाखविणारा भाग नसतो. त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते आणि किमतीतील बचत वाया जाते.

लेखन, अभ्यासाचे व्हिडिओ आणि हिशेब यांसाठी महागड्या प्रोसेसरची गरज नसते. तोच पैसा एसएसडीवर खर्च करावा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत फिरणारा भाग नसतो. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो आणि कामही झटपट होते. घरगुती कामाला २५६ जीबीची एसएसडी पुरते. रॅम ८ जीबीची, एकाच पट्टीत घ्यावी आणि मदरबोर्डवर दुसऱ्या पट्टीची जागा मोकळी आहे ना, हे पाहावे. पुढे गरज पडल्यास थोड्या खर्चात ती १६ जीबी करता येते.

कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या बिननावाच्या एसएमपीएसवर विसंबू नये. तो जळताना इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो. नामांकित कंपन्यांच्या लहान आकाराच्या संगणकांत एसएमपीएस बहुधा त्या-त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. असे जुने यंत्र घेताना तो सुटा भाग मिळतो काय, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

ग्रामीण भागात वीज वारंवार जाते, म्हणून यूपीएसचा खर्च मूळ अंदाजातच धरावा. काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे त्यामुळे मिळतात. घरातील वीजजोडणीला अर्थिंग आहे ना, हेही वायरमनकडून तपासून घ्यावे.

पावतीवर प्रोसेसर, रॅम व एसएसडी यांची पूर्ण नावे आणि प्रत्येक भागाची हमी लिहून घ्यावी. वर्षातून एकदा वीजजोडणी काढून, मऊ कुंचल्याने पंख्यावरची धूळ झाडावी. काही वर्षांनी घड्याळ चुकू लागले, तर संगणक निकामी झाला असे समजू नये. बहुधा मदरबोर्डवरील नाण्याएवढा छोटा सेल संपलेला असतो आणि तो अल्प किमतीत मिळतो. दाखले, गुणपत्रिका व छायाचित्रे यांची एक प्रत मात्र पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर अवश्य ठेवावी. यंत्राचा भाग पुन्हा विकत घेता येतो, पुसली गेलेली छायाचित्रे मात्र पुन्हा मिळत नाहीत.