जाळे पाच फुटांचे, खेळाडू कितीचा?

कुस्तीगीर आखाड्यात उतरण्यापूर्वी वजनकाट्यावर उभा राहतो. मुष्टियोद्ध्याचे तेच, वेटलिफ्टरचेही तेच. जड माणसाची गाठ जड माणसाशीच पडावी, हा त्यामागचा न्याय. बॅडमिंटनमध्ये असा काटा नाही आणि भिंतीवर खुणा केलेली पट्टीही नाही. सव्वापाच फुटांचा खेळाडू सव्वासहा फुटांच्या खेळाडूसमोर उभा ठाकतो आणि दोघांनाही तेच कोर्ट, तेच जाळे मिळते. नियमांना ज्या मोजमापांची गरज वाटली नाही, ती आपल्याकडे मात्र प्रशिक्षणवर्गाच्या दारातच सुरू होतात.

मी कोणी नामांकित खेळाडू नव्हे. पाच फूट चार इंच उंचीचा, गेली वीस-बावीस वर्षे सकाळी साडेसहाला कोर्टवर हजर होणारा एक हौशी गडी. आमचे डबल्सचे सामने आटोपले की त्याच कोर्टवर मुलांचा वर्ग भरतो. पालक बाकांवर बसतात आणि ओळख झाली की हमखास विचारतात, ‘‘काय हो, याची उंची वाढेल ना?’’ मुलगा जेमतेम दहा वर्षांचा असतो. मुलीची आई असेल तर आवाज जरा खाली येतो, ‘‘हिचं वजन जास्त वाटतं का हो?’’ एका शिबिराच्या निवड चाचणीत तर हाती रॅकेट देण्याआधी मुलांना भिंतीशी उभे करून त्यांची उंची मोजलेली मी पाहिली आहे. तेव्हा या दोन मोजमापांचा खेळाशी नेमका संबंध काय, ते एकदा नीट तपासलेले बरे.

आधी उंचीची बाजू मांडू, कारण ती खोटी नाही. जाळे मध्यभागी १.५२४ मीटर, म्हणजे बरोबर पाच फूट उंच असते. समजा, जाळ्यापासून ५ मीटर मागे उभ्या असलेल्या खेळाडूने जमिनीपासून २.८० मीटरवर फूल गाठले आणि स्मॅश मारला. फूल जाळ्याला निसटते ओलांडून सरळ रेषेत गेले, तर पलीकडे साधारण ६ मीटरवर टेकेल. प्रत्येक बाजूचे कोर्ट ६.७० मीटर लांब असते, म्हणजे फूल आत. हाच फटका २.५० मीटरवरून मारला, तर ती सरळ रेषा पावणेआठ मीटरवर टेकते, म्हणजे कोर्टाच्या मीटरभर बाहेर! प्रत्यक्षात हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण फुलाला खाली खेचतात, म्हणून कमी उंचीच्या खेळाडूचा स्मॅशही आत पडतो. पण तो सपाट येतो, समोरच्याच्या कमरेच्या आसपास पोहोचतो आणि परतवायला सोपा जातो. उंच खेळाडूचा फटका पायाशी कोसळतो. एका फुटाहूनही कमी फरकाची ही किमया.

डेन्मार्कचा व्हिक्टर अॅक्सेलसन १.९४ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट चार इंच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये (२०२१) त्याने एकही गेम न गमावता सुवर्णपदक घेतले आणि २०२४ मध्ये पॅरिसला ते पुन्हा जिंकले. आपली सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईकर चिराग शेट्टी ही जोडीही सहा फुटांवरची. या उदाहरणांवरून उंची हेच भांडवल असे कोणी म्हटले, तर त्याला लगेच वेड्यात काढता येणार नाही.

पण आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट २०१७, ग्लासगो. जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात सुमारे पाच फूट दहा इंचांची पी. व्ही. सिंधू आणि पाच फूट दीड इंचाच्या आतबाहेरची जपानची नोझोमी ओकुहारा समोरासमोर होत्या. ओकुहाराचे डोके जाळ्याच्या वर जेमतेम येत होते. सामना ११० मिनिटे चालला. दुसरा गेम संपवणारी रॅली ७३ फटक्यांची होती. निकाल २१-१९, २०-२२, २२-२० असा ओकुहाराच्या बाजूने लागला. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, बासेलच्या अंतिम सामन्यात याच सिंधूने याच ओकुहाराला ३८ मिनिटांत २१-७, २१-७ असे गुंडाळले. मधल्या काळात दोघींच्या उंचीत काही फरक पडला नव्हता. पहिल्या सामन्यात रॅली लांबल्या, दुसऱ्यात सिंधूने त्या लांबूच दिल्या नाहीत. उंची तीच, तिचा उपयोग करू देणारा खेळ निराळा. पुरुषांतही पावणेदोन मीटर उंचीच्या केंतो मोमोताने २०१९ मध्ये एका वर्षात ११ विजेतेपदे मिळवली आणि त्याच वर्षी ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात अॅक्सेलसनला हरवले.

हे कसे घडते? उंचीचे देणे वजनातून फेडावे लागते. गॅलिलिओने दाखवून दिलेले गणित येथे लागू पडते. दोन माणसे अगदी सारख्या बांध्याची, एक १६० सेंटिमीटर आणि दुसरा १७६. उंची दहा टक्क्यांनी वाढली. स्नायूंची ताकद त्यांच्या आडव्या छेदावर अवलंबून, ती वाढते सुमारे २१ टक्क्यांनी. वजन मात्र घनफळाप्रमाणे, सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे प्रत्येक किलोमागे ताकद कमीच पडते. म्हणूनच अव्वल दर्जाचे उंच खेळाडू बहुधा सडपातळ दिसतात.

एकेरीचा सामना म्हणजे शेकडो वेळा सुटणे, थांबणे आणि वळणे. जाळ्यापाशी ड्रॉप उचलायला खेळाडू एक पाय लांब टाकून झेपावतो, तेव्हा धावत्या शरीराला आवरण्याचे काम त्या एका गुडघ्यावर आणि घोट्यावर येते. पाच किलो जादा वजन म्हणजे पाच किलो तांदळाची पिशवी पाठीला बांधून हे सारे करणे. उंच खेळाडूला खाली वाकावेही अधिक लागते. म्हणून जाणकार प्रतिस्पर्धी त्याला पायाशी आणि अंगावर खेळवतात.

वजन जास्त तर फटका जोरदार, हीदेखील एक लाडकी समजूत. फुलाचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. त्याच्यामागे साठ किलोंचे शरीर लावले काय किंवा ऐंशी किलोंचे लावले काय, फुलाला कळते ती रॅकेटच्या डोक्याची गती. ती येते खांदा, कोपर, पुढचा हात आणि बोटे यांच्या एकामागून एक येणाऱ्या वळणांतून आणि अचूक वेळेतून. स्नायूंचे वजन यात मदत करते, चरबीचे करीत नाही. वजनकाट्याला मात्र या दोहोंतला भेद कळत नाही. जुनी मंडळी आजही सांगलीच्या नंदू नाटेकरांविषयी बोलतात ती त्यांच्या हातातल्या नजाकतीविषयी. १९५६ मध्ये क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा हा पहिला भारतीय. त्याची उंची किती होती, हे मला तरी कोणी कधी आपणहून सांगितलेले नाही.

गंमत अशी, की नियमांत शरीराचे माप एकाच जागी होते, ते सर्व्हिसमध्ये. सर्व्हिस करताना फूल खेळाडूच्या सर्वांत खालच्या बरगडीच्या पातळीखाली असावे लागे. म्हणजे ज्याचे शरीर जितके उंच, तितकी त्याची मर्यादा वर. २०१८ मध्ये हे बदलले आणि जमिनीपासून १.१५ मीटर ही सर्वांना एकच रेषा आली. उंच खेळाडूंना वाकून सर्व्हिस करणे आले, कमी उंचीच्यांना थोडी सवलत मिळाली. शरीराचे ते एकुलते एक मापही नियमांनी काढून टाकले.

आणि आपण ते दहा वर्षांच्या मुलाला लावतो! मुलींची उंची सरासरी बाराव्या वर्षाच्या सुमाराला आणि मुलग्यांची चौदाव्या वर्षाच्या सुमाराला सर्वांत वेगाने वाढते. कोणाची दोन वर्षे आधी, कोणाची दोन वर्षे उशिरा. तेरा वर्षांखालच्या गटात जो थोराड दिसतो तो बरेचदा फक्त लवकर वाढलेला असतो. त्याला निवडून उशिरा वाढणाऱ्याला घरी पाठवणे म्हणजे मृगाचा पाऊस पाहून आश्विनातल्या पिकाचा भाव ठरवणे.

मुलींच्या बाबतीत हे प्रकरण याहून गंभीर आहे. वयात येताना वजन वाढणे निसर्गाचेच काम. पण तेव्हाच ‘जड झालीस’ हा शब्द कानी पडतो आणि रात्रीचे जेवण सुटते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी या प्रकाराला नाव देऊन इशारा दिला: खेळात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार कमी पडला, तर मुलींची पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात, आजारपण आणि दुखापती वाढतात. मुलग्यांचीही त्यातून सुटका नाही. ज्या गुडघ्यावर झेप घ्यायची, त्याच्या हाडालाच उपाशी ठेवून वेग कसा मिळणार?

म्हणून मोजपट्टी आणि काटा फेकून द्या, असे मी म्हणत नाही. दर तीन महिन्यांनी उंची अवश्य मोजा. ती झपाट्याने वाढत असेल, तर त्या काळात उड्या आणि सरावाचे तास कमी करा, गुडघ्याखालची दुखणी अंगावर काढू देऊ नका आणि बिघडलेल्या टायमिंगवरून रागावू नका. हाडे पुढे गेली आहेत, स्नायू मागून येत आहेत. वजनाविषयी शंका असेल तर डॉक्टरांशी बोला. चारचौघांत, कोर्टवर तो विषय नको. आणि मुलाची निवड करायचीच असेल, तर आधी त्याच्या हातात रॅकेट द्या, दहा मिनिटे खेळू द्या आणि समोरून फूल सुटताच त्याचे पाय किती लवकर हलतात, ते पाहा.